डॉक्टरांच्या केबिनबाहेरचा बाक

सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असल्यामुळे गेली काही वर्षे दर महिन्याला त्यांना दवाखान्यात घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचे आमचे गाव लहान असल्याने दवाखाना बाजारपेठेच्या गावी आहे आणि जाणे-येणे एसटीच्या वेळेवर अवलंबून. डॉक्टरांच्या विद्येबद्दल माझी तक्रार नाही. ते जपून निदान करतात, गरज नसताना सलाईन लावत नाहीत, आणि एखादे दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले तर वेळ न दवडता चिठ्ठी लिहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. तरीही तिथून निघताना पुष्कळदा काहीतरी सांगायचे राहून गेलेले असते. ते का राहते याचा विचार केल्यावर मला असे वाटू लागले आहे की, रुग्ण डॉक्टरांना काय सांगणार हे बऱ्याच अंशी केबिनबाहेरच्या बाकावरच ठरून जाते.

नंबर लावायला काउंटरपाशी गेले की नावापाठोपाठ ‘काय होता?’ असा प्रश्न येतो, तोही भरल्या बाकासमोर आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मुंबईच्या दवाखान्यात शेजारी बसलेला माणूस अनोळखी असतो; आमच्याकडे त्या बाकावर वाडीतली वहिनी, नवऱ्याच्या चुलत घरातले भाऊजी, रोज दारावर मासळी घेऊन येणारी बाई आणि मुलीसाठी स्थळ सुचवलेल्या घरातली आत्या, अशी सगळी ओळखीची माणसे असतात. जून-जुलैत तर गर्दी आणखी वाढते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्याने एरवी होडीवर असणारे पुरुष वर्षभर अंगावर काढलेली कंबर, गुडघे आणि डोळे घेऊन याच दिवसांत दवाखान्यात येतात. अशा बाकासमोर कोण आपली मूळव्याध, अंगावरून जाणे, लघवीचा त्रास किंवा झोप न लागणे मोठ्याने सांगेल?

सासूबाईंनीही सांगितले नाही. “आजी, काय होता तुमका?” असे विचारल्यावर “काय नाय रे, आंग दुखता,” एवढेच त्या बोलल्या. आत गेल्यावर निदान तिथे तरी मोकळेपणी बोलता यावे, तर वेळ वाचावा म्हणून पुढच्या नंबरचा माणूस आधीच आत बोलावून दाराजवळच्या स्टुलावर बसवलेला होता, आणि तो आमच्याच वाडीतला होता. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखरेचा रिपोर्ट वाचला, गुडघ्यांचे विचारले, आणि आम्ही बाहेर आलो. परतीच्या एसटीत, खिडकीकडे तोंड करून, त्यांनी मला सांगितले की बरेच दिवस लघवीला जळजळ होते आणि रात्री सारखे उठावे लागते. दुसऱ्या दिवशी मी एकटीने जाऊन ते डॉक्टरांच्या कानावर घातले, तपासणी झाली आणि मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. मधुमेहाच्या रुग्णांत असा संसर्ग सहज होतो, आणि दुर्लक्ष झाले तर तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. डॉक्टर थोडे वैतागूनच म्हणाले, “काल का नाही सांगितलं?” मी स्टुलाकडे पाहिले, त्या वेळीही त्यावर कोणीतरी बसलेले होते.

बाहेर काही विचारूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. उलट कोकणात पावसाळ्यात काउंटरवरच्या माणसाने विचारलेच पाहिजे, फक्त प्रश्न वेगळे असायला हवेत. भातलावणीच्या दिवसांत तापाचा रुग्ण आला तर तो चिखलात अनवाणी उतरला होता का, पायाला जखम आहे का, पोटऱ्या फार दुखतात का आणि डोळे लाल झाले आहेत का, एवढे विचारले तरी लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका डॉक्टरांपर्यंत लवकर पोहोचते, कारण या आजारात औषध किती लवकर सुरू होते याला फार महत्त्व असते. छातीत कळ येणारा, धाप लागलेला किंवा फुरसे चावलेला माणूस नंबरची वाट पाहत बसता कामा नये, हे ओळखणे काउंटरवरच्या माणसाचेच काम आहे. कोणाला थांबवता येईल आणि कोणाला नाही, हे कळण्यापुरते विचारावे; आजाराचा बाकीचा तपशील हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला आहे.

आमच्या दवाखान्यात पूर्वी जे कंपाउंडर होते त्यांना ही पारख उत्तम होती. कोणाची साखरेची गोळी केव्हा संपते, कोणाचा मुलगा दर्यावर आहे आणि कोणाला घरी न्यायला माणूस नाही, हे सगळे त्यांना तोंडपाठ असे, आणि चेहरा पाहून ते एखाद्या म्हातारीला निमूटपणे आत सोडत. मात्र त्यांचा आवाज देवळातल्या घंटेसारखा होता, आणि त्या आवाजात त्यांनी गावातल्या किती जणांची दुखणी बाकाला ऐकवली याची गणती नाही. आता त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आहे. ती हळू आणि नीट बोलते, पण माणसे ओळखत नाही. फोन घेणे, केसपेपर शोधणे, पैसे मोजणे, मोबाईलवर पैसे जमा झाले की नाही ते पाहणे आणि आतून हाक आली की ड्रेसिंगचे साहित्य नेणे, एवढे सगळे तिच्या एकटीवर असते. उशीर झाला की लोक तिच्यावर ओरडतात, आणि आत गेल्यावर तीच माणसे डॉक्टरांपुढे हात जोडून उभी राहतात. तिच्या तुटक उत्तरांचा राग येण्याआधी हेही पाहायला हवे, असे मला वाटते.

औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींचा, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती द्यायला येणाऱ्या प्रतिनिधींचा, राग मात्र मला कायम येतो. दीड तास बसलेल्या तापाच्या मुलासमोरून इस्त्रीच्या शर्टातले दोन गृहस्थ बॅग घेऊन सरळ आत जातात, तेव्हा बाकावर कोणी काही बोलत नाही, पण सगळे घड्याळाकडे पाहतात. त्यांच्यासाठी दुपारी रुग्ण संपल्यावरची वेळ ठरवून देणे काही अवघड नाही, आणि तसे करणारे डॉक्टरही मी पाहिलेले आहेत.

कागदांचा प्रश्नही काउंटरशीच जोडलेला आहे. आमच्याकडे अजूनही पुष्कळ दवाखान्यांतून सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळतात. पुडीवर सकाळ-संध्याकाळच्या खुणा असतात, औषधाचे नाव नसते. गावात त्याने काही अडत नाही. अडते ते म्हातारे माणूस मुलाकडे मुंबईला जाऊन आजारी पडते तेव्हा. तिथल्या डॉक्टरांना ‘एक पांढरी, एक गुलाबी’ यापलीकडे काही सांगता येत नाही. वास्तविक डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेत, रुग्णाने मागितल्यास वैद्यकीय नोंदी 72 तासांच्या आत द्याव्यात असे म्हटलेले आहे, आणि 2016 च्या दुरुस्तीनुसार औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरात लिहिणे अपेक्षित आहे. पण नोंद मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, अशी आपल्याकडे समजूत असल्यामुळे लोक मागत नाहीत. गणपतीला आलेला चाकरमानी मुलगा ती मागतो, तेही एकदम फाईलभर आणि नेमके सगळ्यात गर्दीच्या दिवशी.

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातला अनुभव याहून निराळा आहे. डोंगराळ भागात 20,000 लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे हा निकष आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाल्यामुळे केसपेपरच्या पैशांचाही प्रश्न उरलेला नाही. तिथे डॉक्टर बदलत राहतात आणि औषध निर्मात्याच्या खिडकीवर कधीकधी ‘ही गोळी बाहेरून घ्या’ असे ऐकावे लागते, हे खरे. पण घरोघरी येणाऱ्या आशाताई आणि उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका यांच्याशी बायका ज्या मोकळेपणाने बोलतात, तो मोकळेपणा खासगी दवाखान्याच्या बाकावर मी कधी पाहिला नाही. पडवीत बसून, चहा घेता घेता सांगितलेले दुखणे त्यांच्यामार्फत केंद्रापर्यंत पोहोचते. सासूबाईंनीही लघवीचा त्रास आशाताईंना आधीच सांगितला होता, हे मला नंतर समजले. खासगी डॉक्टर आणि आशाताई यांचा एकमेकांशी काही संबंध नसल्याने ती माहिती जिथे हवी होती तिथे गेली नाही.

मागच्या महिन्यात, रुग्ण कमी होते तेव्हा, मी हे सगळे डॉक्टरांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि काउंटरवर फक्त नाव आणि ताप, धाप, छातीत दुखणे किंवा सर्पदंश आहे का एवढेच विचारायचे, हे लगेच मान्य केले. एमआर मंडळींबद्दल ते नुसते हसले. एका वेळी एकच रुग्ण आत घ्यायला त्यांनी नकार दिला. दुपारची शेवटची एसटी गेली तर वरच्या वाड्यांतली माणसे संध्याकाळपर्यंत अडकतात, आणि स्टूल काढले तर रोज दहा-बारा जण तपासल्यावाचून राहतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नाही. शेवटी असे ठरले की, ज्याला एकट्याने बोलायचे असेल त्याने काउंटरवरच्या मुलीला ‘रिपोर्ट दाखवायचा आहे’ एवढेच सांगावे, म्हणजे त्याच्या वेळी ती स्टुलावर कोणाला पाठवणार नाही. ही सोय अजून फार जणांना माहीत नाही, आणि भिंतीवर लिहून ठेवावी तर बाकावरच्या सगळ्यांनाच तिचा अर्थ कळेल, म्हणून सध्या आशाताईच घरोघरी ती सांगत आहेत.