भरून दे, पण मी सांगितल्यावर

इचलकरंजीत मी करसल्लागाराचं काम करते. पार्ट्या, म्हणजे माझे ग्राहक, बहुतेक यंत्रमागवाले, काही सायझिंगवाले (सुताला खळ देणारे), काही सुताचे व्यापारी, थोडे किराणा दुकानदार. शंभराच्या वर पार्ट्या, आणि प्रत्येकाची जीएसटीची, इन्कम टॅक्सची, प्रोफेशन टॅक्ससाठी महाजीएसटीची, ई-वे बिलाची (मालवाहतुकीच्या परवान्याची), कामगार असतील तर पीएफची लॉगिन. आमच्या व्यवसायातल्या मंडळींच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच प्रश्न आला: पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड साठवून लागेल तिथे भरून देणारा प्रोग्रॅम, वापरावा का, आणि वापरला तर त्याला आपोआप लॉगिन करू द्यावं का? दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. मॅनेजर जरूर वापरा. पण पान उघडताक्षणी रकाने आपणहून भरायची जी सोय असते, ती पहिल्या दिवशी बंद करा. मी क्लिक केल्यावर भर, एवढीच परवानगी द्या. यामागचं मुख्य कारण असं की आपल्या धंद्यात सोय आपली होते आणि जोखीम पार्टीची असते. पार्टीनं पासवर्ड विश्वासानं दिलेला असतो. आपला अर्धा मिनिट वाचवण्यासाठी तिचं खातं पणाला लावायचा आपल्याला काही अधिकार नाही.

पासवर्ड मॅनेजरबद्दल जे काही लिहिलं जातं, ते एका माणसाची पन्नास साइटवरची खाती डोळ्यांसमोर ठेवून. आपलं नेमकं उलटं आहे. साइट एकच आणि खाती शंभर. आपोआप भरण्याचा खरा धोका इथेच आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

वीस तारखेचं चित्र बघा. ३बीचा, म्हणजे जीएसटीच्या दरमहाच्या रिटर्नचा, शेवटचा दिवस, पोर्टल हळू, बाहेर बाकावर दोन माणसं बसलेली. पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह केलेले आहेत. एका पार्टीचं काम संपवून लॉगआउट केलं, पुढच्या पार्टीसाठी लॉगिनचं पान उघडलं, तर युजरनेमच्या रकान्यात नाव आधीच येऊन बसलेलं आणि पासवर्डच्या जागी काळे ठिपके. ही युजरनेमं नोंदणीच्या वेळी पार्टीनंच ठरवलेली असतात: आडनाव आणि पुढे साल, नाहीतर आडनाव आणि 'टेक्स्टाइल'. एकाच घरातल्या तीन फर्म असल्या की तिन्ही युजरनेमांत एखाद्या अक्षराचाच फरक. तुमचं लक्ष कॅप्चाच्या आकड्यांवर असतं, कारण पानावर हातानं करायचं तेवढंच काम उरलेलं असतं. आकडे टाकून एंटर मारलं की आत. फक्त ज्याचं रिटर्न भरायचंय त्याच्या नव्हे, त्याच्या चुलत भावाच्या फर्ममध्ये.

फर्मचं नाव वरच्या कोपऱ्यात दिसतं, पण सगळे डॅशबोर्ड सारखेच असतात आणि घाईत तिकडे कोण बघतं? फाइल करताना ओटीपी त्या पार्टीच्या मोबाइलवर जातो, तिथे चूक पकडली जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात पार्टी फोन उचलते, आलेले आकडे वाचून दाखवते आणि मागाच्या खडखडाटात फोन ठेवून देते. मेसेजमध्ये कोणत्या फर्मचं काय चाललंय हे कोणी वाचत नाही. आणि ३बी एकदा फाइल झालं की ते सुधारता येत नाही. पुढच्या महिन्यांत जुळवाजुळव करत बसायचं, आणि दोन्ही भावांना तोंड द्यायचं.

म्हणून रकाने रिकामे दिसले पाहिजेत. पार्टीचं नाव मी शोधणार, मी निवडणार, मग भरलं जाणार. मी बिटवॉर्डन हा मॅनेजर वापरते. त्यात पान उघडताच भरण्याची सोय मुळातच बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते, आणि ते योग्यच आहे. त्यातली आणखी एक गोष्ट आपल्या कामात लक्षात ठेवायची: कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं की त्या साइटवर शेवटचं वापरलेलं खातं भरलं जातं. एकेकट्या माणसाला हे फार सोयीचं, आपल्याला मात्र घातक. आमच्या ऑफिसात हा शॉर्टकट कोणीही वापरायचा नाही असं ठरलेलं आहे. नोंदीचं नाव मी फर्मच्या पाटीवरच्या नावानं ठेवते, पुढे मालकाचं नाव आणि पॅनमधले चार आकडे. यादीत तीन चुलत भाऊ एकाखाली एक आले तरी आकड्यांवरून फरक कळतो. नवीन आलेल्या मुलीला मी पहिल्यांदा हेच शिकवते: आधी आकडे वाच, मग क्लिक कर.

काही जण म्हणतात, मग हे सगळं कशाला, आमची एक्सेलची शीट काय वाईट आहे? कॉपी करायचं, पेस्ट करायचं. एक्सेल वाईटच आहे, आणि ती शीट व्हॉट्सअ‍ॅपवरून घरच्या लॅपटॉपवर पाठवली जाते तेव्हा तर फारच. कॉपी-पेस्टचा एक धोका पटकन लक्षात येत नाही. विंडोजमध्ये क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबून बघा. शेवटच्या पंचवीस कॉपी केलेल्या गोष्टी समोर येतात, त्यात सकाळपासूनचे सगळे पासवर्ड उघडे, वाचता येतील असे. कीपास हा जुना, मोफत मॅनेजर कॉपी केलेला पासवर्ड बारा सेकंदांनी क्लिपबोर्डवरून पुसून टाकतो. एक्सेल असं काही करत नाही.

पण एक्सेलची त्याहून मोठी उणीव अशी की तिला पत्ता कळत नाही. मॅनेजर पासवर्ड भरण्याआधी साइटचा पत्ता तपासतो. नोंदीत जीएसटी डॉट जीओव्ही डॉट इन असेल तर तो तिथेच भरणार. हुबेहूब तसं पान, तोच अशोकस्तंभ, तोच रंग, पण पत्ता वेगळा असेल तर तो गप्प बसतो. रिफंडच्या नावानं येणाऱ्या खोट्या लिंका आपल्या पार्ट्यांना किती येतात हे तुम्हाला सांगायला नको. माणसाचा डोळा फसतो. पत्त्याची तुलना करणारा प्रोग्रॅम देखण्या पानाला भुलत नाही. आपोआप भरण्याच्या सोयीत सुरक्षेचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे, म्हणून मी ती सोय पूर्ण टाकून द्या असं म्हणत नाही.

अडचण एवढीच की त्याच्या गप्प बसण्याकडे आपण लक्ष देत नाही. ट्रॉय हंट हे नाव कॉम्प्युटर सुरक्षेच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. आपला ईमेल कोणत्या डेटाचोरीत सापडला हे सांगणारी साइट त्यानं २०१३ मध्ये सुरू केली. मार्च २०२५ मध्ये हा माणूस लंडनमध्ये होता, प्रवासानं थकलेला, झोप न झालेला. वाचकांना मेल पाठवायची सेवा देणाऱ्या मेलचिंपच्या नावानं एक मेल आला की तुमच्याविरुद्ध स्पॅमची तक्रार आली आहे, खातं तपासा. त्यानं लिंक उघडली, पासवर्ड टाकला, ओटीपीही टाकला. पान अडकलं तसं त्याच्या लक्षात आलं, त्यानं लगेच पासवर्ड बदलला, पण तेवढ्यात त्याच्या वाचकांच्या सुमारे सोळा हजार पत्त्यांची यादी गेलेली होती. त्यानं स्वतःच हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं, आणि त्यात नोंदवलंय की त्याच्या पासवर्ड मॅनेजरनं त्या पानावर पासवर्ड भरून दिला नव्हता. इशारा मिळाला होता. पण खऱ्या साइटवरही मॅनेजर कधीकधी भरत नाही, कारण कंपन्या नोंदणी एका पत्त्यावर घेतात आणि लॉगिन दुसऱ्या पत्त्यावर. त्यामुळे त्या गप्प बसण्याचं काही वाटेनासं होतं.

आपल्याकडे तर ही सवय पत्ते बदलूनच लागली आहे. जून २०२१ मध्ये इन्कम टॅक्सचं ई-फायलिंग पोर्टल नव्या पत्त्यावर गेलं, आणि जुन्या पत्त्यावर साठवलेली सगळी लॉगिन मॅनेजरच्या दृष्टीनं अनोळखी झाली. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं. हा निर्णय मला मनापासून पटतो. हे पत्ते आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि फक्त बँकांनाच देते, त्यामुळे खोट्या बँकेला तसा पत्ता मिळणं अवघड. मात्र बदलाच्या त्या दिवसांत प्रत्येक बँकेच्या पानावर मॅनेजर गप्प होता, आणि लोक सरळ हातानं पासवर्ड टाकत होते. अशा वेळी एकच करायचं. मेलमधली किंवा मेसेजमधली लिंक वापरायची नाही. बँकेच्या पासबुकावरून किंवा शाखेतून नवा पत्ता घ्यायचा, स्वतः टाइप करायचा, आणि मगच तो नोंदीत घालायचा. भरत नाही म्हणून वैतागून हातानं पासवर्ड टाकायचा नाही.

काही बँका आणि पोर्टलं पेस्टच करू देत नाहीत, पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर टिपायला लावतात. याचा मला खरंच राग येतो. वीस अक्षरांचा पासवर्ड असा टिपता येत नाही, म्हणून माणूस नाव आणि जन्मसालावर येतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०२५ च्या नियमावलीत तर स्पष्ट म्हटलंय की पासवर्ड मॅनेजर आणि आपोआप भरणं चालू दिलंच पाहिजे.

आता आपणहून भरण्याच्या विरुद्ध काय पुरावा आहे ते थोडक्यात. डिसेंबर २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की जाहिरातवाल्या दोन कंपन्यांच्या स्क्रिप्ट पानावर अदृश्य लॉगिन फॉर्म टाकत होत्या. ब्राउझर तो फॉर्म इमानेइतबारे भरत होता आणि स्क्रिप्ट त्यातला ईमेल वाचून माणसाचा माग काढत होती. अशा हजाराहून जास्त साइट त्यांना सापडल्या. पासवर्ड त्यांनी उचलला नाही, पण रकाना भरलेला होता, उचलता आला असता. क्लिकशिवाय भरायचं नाही असं सेटिंग असेल तर हा प्रकार होत नाही.

क्लिक म्हणजे अभेद्य कवच, असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत मारेक तोथ या संशोधकानं ब्राउझरमध्ये बसणारे अकरा मॅनेजर तपासून दाखवले. कुकीची परवानगी मागणारी साधी पट्टी तुम्ही बंद करायला जाता, आणि तिच्यावर मॅनेजरची यादी पारदर्शक करून ठेवलेली असते. तुमचं क्लिक पडतं त्या यादीवर. पासवर्ड चोरायला खऱ्या साइटमध्येच कुठेतरी भोक असावं लागतं, कारण पत्त्याची तपासणी तिथेही चालू असते. पण कार्डाचे नंबर कोणत्याही साइटवर निघू शकत होते. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या. तरीही कार्डाचे नंबर मी मॅनेजरमध्ये ठेवत नाही, आणि क्रोममध्ये मॅनेजरच्या एक्स्टेंशनला (ब्राउझरला जोडलेल्या भागाला) 'क्लिक केल्यावरच' साइट बघायची परवानगी दिलेली आहे.

पासवर्ड ब्राउझरमध्येच ठेवावेत की वेगळ्या मॅनेजरमध्ये? ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये मुळीच नको. फुकटचं टॅलीचं क्रॅक, कुठूनतरी उतरवलेला पीडीएफ कन्व्हर्टर यांच्याबरोबर येणारे व्हायरस सगळ्यात आधी ब्राउझरमधले पासवर्डच शोधतात. वेगळा मॅनेजर असेल तर तो पाच मिनिटं हात लागला नाही की कुलूपबंद होईल असं ठेवा. वीस तारखेला पुनःपुन्हा मास्टर पासवर्ड (मॅनेजर उघडायचा पासवर्ड) टाकायचा कंटाळा येतो, मलाही येतो. पण चहाला उठल्यावर उघडी तिजोरी मागे ठेवणं मला जमत नाही.

मास्टर पासवर्डमध्ये कंजूषी नको, हे लास्टपास या मॅनेजरच्या प्रकरणानं शिकवलं. २०२२ मध्ये त्या कंपनीकडून ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण साइटचे पत्ते नव्हते, म्हणजे कोणाचं खातं कोणत्या बँकेत हे चोराला उघड दिसत होतं. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांची तिजोरी तो घरी बसून, सवडीनं फोडू शकत होता. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द जोडलेले घ्या, जे तुमच्या घरादाराशी, देवाशी, गाडीच्या नंबराशी जुळत नाहीत.

ओटीपी ज्यावरून तयार होतो ते गुप्त सूत्रही त्याच तिजोरीत ठेवायची सोय बऱ्याच मॅनेजरमध्ये असते. पार्टीच्या बाबतीत ते मी करत नाही. ई-वे बिलाला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर ओटीपीही) सक्तीची झाली. ओटीपी एसएमएसवर येतो, संदेस अ‍ॅपवर येतो किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड अ‍ॅपवर. माझा सल्ला असतो की तो पार्टीच्या, नाहीतर तिच्या मुलाच्या फोनवरच राहू दे. फोन करावा लागतो, कधी उचलला जात नाही, गाडी माल भरून थांबते. तरी आपल्या एका तिजोरीतून पार्टीचं सगळंच निघू नये.

आणि पार्टी दुसऱ्या सल्लागाराकडे गेली, तर त्याच दिवशी तिच्यासमोर बसून नोंद पुसायची. मी तिच्याच मोबाइलवर तिला जीएसटीचा आणि इन्कम टॅक्सचा नवा पासवर्ड ठेवायला लावते, आणि तो मला सांगू नका म्हणते. पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाइल तिचाच आहे ना हेही त्याच बैठकीत बघून घ्या. कित्येक जुन्या नोंदण्यांत तो आधीच्या सल्लागाराचाच असतो.