व्हीलचेअरचं तिकीट मिळालं, पण मॅच दिसेल का?

इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या नकाशावर निळं व्हीलचेअरचं चिन्ह दिसलं, की बहुतेकांना अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की इथपर्यंत चाकं येतात. तिथून मैदान किती दिसतं, सोबतचा माणूस शेजारी बसणार की मागच्या रांगेत, पाऊस अंगावर येतो का, टॉयलेट किती लांब आहे, यातलं काहीच नकाशा सांगत नाही. तिकीट काढण्याआधी क्लबला फोन लावून किंवा मेल करून विचारावं लागतं. म्हणून ही माहिती तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी, आणि खास करून सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबांना बोलावून त्यांना एखादी मॅच दाखवू पाहणाऱ्यांसाठी.

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा: समोरचे लोक उभे राहिले, तर व्हीलचेअरमधून मैदान दिसतं का?

यामागचं गणित सोपं आहे. उभ्या माणसाचं डोकं साधारण 1.7 मीटरवर असतं. व्हीलचेअरमध्ये बसलेल्याचे डोळे 1.1 ते 1.2 मीटरच्या आसपास. म्हणजे व्हीलचेअरची जागा समोरच्या रांगेपेक्षा निदान अर्धा मीटर उंच हवी, आणि मैदानाची जवळची कड दिसायची तर त्याहूनही जास्त. स्टँडमधली नेहमीची पायरी एवढी उंच नसते. म्हणून नव्या स्टेडियममध्ये व्हीलचेअरचा चौथरा मुद्दाम उचलून बांधतात. जुन्या मैदानात दोन-चार खुर्च्या उपटून सपाट जागा केलेली असते. तिथे शांत खेळ चालू असताना सगळं दिसतं, आणि कॉर्नर, पेनल्टी किंवा गोल म्हटलं की समोर फक्त जॅकेटांच्या पाठी. ज्या क्षणासाठी पैसे मोजले नेमका तोच हुकतो.

मैदानाला लागून असलेल्या पहिल्या रांगेतल्या जागा कागदावर छान वाटतात, कारण पुढे कोणी प्रेक्षक नसतो. पण जाहिरातींचे फलक, स्टुअर्ड (प्रेक्षकांची व्यवस्था बघणारे कर्मचारी), कॅमेरावाले आणि वॉर्मअप करणारे बदली खेळाडू असतात. डोळे मैदानाच्या पातळीच्या जवळ असल्यामुळे पलीकडच्या बाजूचा खेळ कळतच नाही. छप्पर पुढपर्यंत येत नाही, त्यामुळे पाऊसही खावा लागतो. याउलट खालच्या मजल्याच्या अगदी मागच्या रांगेत पाऊस लागत नाही, पण वरच्या मजल्याचा सज्जा आडवा येतो आणि उंच मारलेला चेंडू मध्येच गायब होतो. त्यामुळे क्लबकडे त्या ठरावीक जागेवरून काढलेला फोटो मागा. बरेच क्लब पाठवतात.

आता जागा किती असाव्यात ते. 2003 साली ‘ॲक्सेसिबल स्टेडिया’ नावाची मार्गदर्शिका आली, तिचा हिशेब असा: 10 हजारांपेक्षा कमी क्षमतेला किमान 6 किंवा दर शंभरी 1, यातलं जे जास्त असेल ते. 10 ते 20 हजारांना 100, अधिक 10 हजारांवरच्या प्रत्येक हजारी 5. 20 ते 40 हजारांना 150, अधिक दर जादा हजारी 3. त्यापुढे 210, अधिक दर जादा हजारी 2. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाची क्षमता 74 हजारांच्या घरात आहे, म्हणजे तिथे 278 च्या आसपास जागा हव्यात. (सहज म्हणून हाच हिशेब सुमारे 33 हजारांच्या वानखेडेला लावला तर 189 येतात. तो नियम तिथे लागू नाही, पण आकडा डोक्यात ठेवायला हरकत नाही.) प्रीमियर लीगच्या क्लबांनी हा हिशेब बरीच वर्षं मनावर घेतला नाही. 2014 मध्ये बीबीसीने पाहणी केली तेव्हा 20 पैकी 17 क्लब कमी पडले होते. सप्टेंबर 2015 मध्ये लीगने ऑगस्ट 2017 पर्यंत सगळी मैदानं या पातळीवर आणण्याचा शब्द दिला. काहींनी तो वेळेत पाळला, काहींना जुन्या स्टँडची अडचण आली. माझ्या मते आकड्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी दिसण्यावर झाली नाही. न दिसणारी जागाही यादीत एक जागा म्हणूनच मोजली जाते.

या मार्गदर्शिकेप्रमाणे एका व्हीलचेअरची जागा 900 बाय 1400 मिलिमीटर धरतात. साध्या खुर्चीला ती पुरते. मागे कलणारी किंवा पाय पुढे पसरणारी इलेक्ट्रिक खुर्ची असेल, तर पायाच्या पट्टीसकट लांबी मोजून क्लबला आधी कळवा. नाहीतर मागची वाट अडते आणि स्टुअर्ड ऐन वेळी दुसरीकडे हलवतात.

तिकीट काढायची पद्धत सर्वसाधारण तिकिटासारखी नसते. मोठ्या क्लबांत आधी मेंबरशिप लागते, मग त्याच खात्यावर दिव्यांग म्हणून वेगळी नोंदणी. पुरावा म्हणून तिथल्या सरकारी भत्त्याचं पत्र, ब्लू बॅज (दिव्यांगांचा पार्किंग परवाना), दृष्टिदोषाचं प्रमाणपत्र किंवा निम्बस या संस्थेचं ॲक्सेस कार्ड चालतं. भारतातून आलेल्या आई-बाबांकडे यातलं काहीच नसतं. त्यांच्यासाठी भारतातलं यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र जोडा. पत्रात आजाराच्या नावापेक्षा गरज लिहिलेली हवी: इतक्या पायऱ्या चढता येत नाहीत, सलग उभं राहता येत नाही, सोबत माणूस लागतो. तपासणीला वेळ लागतो, म्हणून मॅचच्या आठवड्यात नोंदणी सुरू करून उपयोग नाही. कायद्याचं म्हणाल तर 2010 चा इक्वॅलिटी ॲक्ट सेवा घेणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो, पाहुण्यालाही. त्यामुळे ‘फक्त इथला भत्ता मिळणाऱ्यांनाच’ असं उत्तर आलं, तर तिथेच थांबू नका. क्लबच्या डिसेबिलिटी ॲक्सेस ऑफिसरला लिहा. युरोपीय स्पर्धांच्या परवान्यासाठी युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने 2015 पासून हे पद नेमणं बंधनकारक केलंय, त्यामुळे मोठ्या क्लबांत असा माणूस असतोच.

सोबत्याचं तिकीट बहुतेक क्लब फुकट देतात. कायद्यात ‘फुकट तिकीट’ असे शब्द नाहीत. मात्र ज्याला माणसाशिवाय येताच येत नाही, त्याला एका मॅचचे दुप्पट पैसे पडणं हा तोटा आहे, आणि तो दूर करण्याचा खर्च त्याच्याच माथी मारता येत नाही, असं कायदा म्हणतो. फुकट तिकिटाच्या अटी मात्र वाचा. सोबत्याला वयाची अट असते आणि गरज पडली तर त्याला खरोखर मदत करता यायला हवी. म्हणजे आजोबांच्या तिकिटावर आठ वर्षांचा नातू चालत नाही. दिव्यांग माणूस आला नाही तर सोबत्याचं तिकीट बाद. आई आणि बाबा दोघांनाही आधाराची गरज असेल, तर तसं आधी सांगा, कारण एक व्हीलचेअर आणि एक सोबती अशीच जोडी गृहीत धरलेली असते. चार जणांच्या कुटुंबाला एकत्र बसणं अवघडच. एक सोबती शेजारी आणि बाकीचे दोघं दुसऱ्या ब्लॉकमध्ये असं सर्रास होतं.

व्हीलचेअर लागत नाही पण गुडघे साथ देत नाहीत, असे आई-बाबा जास्त असतात. त्यांना व्हीलचेअरची जागा मागू नका. कमी पायऱ्यांची, रांगेच्या टोकाची खुर्ची मागा, आणि दारापासून खुर्चीपर्यंत किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, हे विचारा. गोलच्या मागचे ब्लॉक टाळा. तिथे लोक नव्वद मिनिटं उभेच असतात. 2022 पासून काही मैदानांत कठड्यांसह उभं राहून बघायला अधिकृत परवानगीही आहे. बसून बघणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही आणि खाली बसा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. फॅमिली स्टँड सगळ्यात बरा. वरचा मजला स्वस्त असला तरी फार उभट असतो.

दुसऱ्या गावच्या मैदानात आपल्या टीमबरोबर जायचं असेल, तर तिकीट यजमान क्लबकडून नाही, आपल्याच क्लबकडून येतं. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या प्रेक्षकांना 3 हजार किंवा क्षमतेच्या 10 टक्के, यातल्या कमी आकड्याएवढी तिकिटं मिळतात. त्यात व्हीलचेअरच्या जागा मोजक्याच. जुन्या मैदानांत त्या यजमानांच्या घोळक्यात असू शकतात. तसं असेल तर आपल्या टीमचा शर्ट घालू नका आणि गोलला ओरडू नका असं सांगितलं जातं. आधी विचारून घ्या आणि पटत नसेल तर नकार द्या.

प्रवासाची तिकिटं घाईने काढू नका. टीव्हीसाठी मॅचचा दिवस आणि वेळ बदलते, शनिवार दुपारची मॅच सोमवारी रात्रीवर जाते. रेल्वेत रॅम्प आणि मदतनीस लागत असेल तर पॅसेंजर असिस्ट या रेल्वेच्या मदत सेवेतून निघण्याच्या दोन तास आधीपर्यंत सांगता येतं. मॅचच्या दिवशी मात्र आदल्या दिवशीच सांगितलेलं बरं. लंडनमध्ये स्टेशनच्या नावावर जाऊ नका. आर्सेनल नावाचं स्टेशन मैदानापासून जवळच आहे, पण तिथे लिफ्ट नाही. व्हीलचेअरसाठी फिन्सबरी पार्कला उतरून पुढे जावं लागतं. टॉटनमसाठी व्हाइट हार्ट लेन आणि वेम्ब्लीसाठी वेम्ब्ली पार्क, दोन्हीकडे लिफ्ट आहेत. मैदानाजवळचे रस्ते मॅचच्या आधी आणि नंतर बंद असतात, तेव्हा ब्लू बॅज असला तरी गाडी आत जाईलच असं नाही. क्लबचं पार्किंग वेगळं बुक करावं लागतं.

फिरत्या गेटमधून व्हीलचेअर जात नाही, बाजूला वेगळं दार असतं आणि तिथला स्टुअर्ड हातातल्या यंत्राने तिकीट तपासतो. दोन्ही तिकिटं एकाच फोनवर असतील तर चालतात का, हे आदल्या दिवशी विचारा. हा गोंधळ दारातच होतो. औषधं, इन्सुलिन, कॅथेटरचं सामान यामुळे बॅग ठरलेल्या मापाबाहेर जात असेल तर आधी मेलवर कळवून त्याचं उत्तर जवळ ठेवा. दिव्यांगांच्या टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी रडार किल्ली (अशा टॉयलेटांची देशभर चालणारी एकच किल्ली) लागते, नसेल तर स्टुअर्डकडे असते. ज्यांना उचलून आडवं करावं लागतं त्यांना साधं टॉयलेट उपयोगाचं नाही. त्यांनी ‘चेंजिंग प्लेसेस’ आहे का विचारावं. छतावरची लिफ्ट, मोठ्या माणसाला पुरेल असा पलंग आणि किमान 12 चौरस मीटर जागा असेल तरच ते खरं. हाफटाइम पंधरा मिनिटांचा, रांग मोठी, म्हणून चाळिसाव्या मिनिटाला निघणारेच शहाणे.

व्हीलचेअरचा चौथरा वरच्या मजल्यावर असेल तर मॅच संपल्यावर लिफ्टसाठी थांबावं लागतं. परतीची गाडी किमान तास-दीड तासाने ठेवा. आग लागली तर साधी लिफ्ट वापरत नाहीत. खाली कोण नेणार आणि तोवर कुठे थांबायचं, हे पोचल्या पोचल्या स्टुअर्डला विचारा. त्याला उत्तर येत नसेल तर त्याच्या वरिष्ठाला बोलवायला सांगा.

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी हेडसेटवर वेगळी कॉमेंटरी असते. रेडिओवाला गप्पा मारतो, हा मात्र चेंडू नेमका कुठे, कोणाकडे आणि कुठल्या दिशेने चाललाय ते सांगत राहतो. हेडसेट परत करायचा असतो, त्यासाठी ओळखपत्र किंवा अनामत मागतात. घेतल्यावर लगेच दारातच लावून आवाज तपासा, बॅटरी उतरलेली असू शकते. ऑटिस्टिक मुलांसाठी काही मैदानांत काचेमागची शांत खोली असते. इंग्लंडमध्ये ही वाट 2015 मध्ये संडरलंडच्या स्टेडियम ऑफ लाइटने दाखवली. जागा थोड्या असतात, वेगळं बुकिंग लागतं. खोली मिळाली नाही तर कान झाकणारे हेडफोन मिळतात का ते विचारा.

जायला जमणार नसेल तर व्हीलचेअरचं तिकीट नेहमीच्या ऑनलाइन परतविक्रीवर टाकता येईलच असं नाही. कित्येक क्लबांची यंत्रणा हे तिकीट ओळखतच नाही, म्हणून वेटिंग लिस्ट भरलेली असूनही जागा रिकामी राहते. तिकीट ऑफिसला फोन करून सोडा.

आणि तक्रार करायची वेळ आली, तर ब्लॉक, रांग, वेळ आणि समोरचे उभे असताना आपल्या जागेवरून काढलेला फोटो एवढं तरी जवळ ठेवा. आधी ॲक्सेस ऑफिसर, मग क्लबची लेखी तक्रार, त्यानेही भागलं नाही तर इंडिपेंडंट फुटबॉल ओम्बड्समन, म्हणजे फुटबॉलच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र लोकपाल. दिव्यांग प्रेक्षकांसाठी काम करणारी लेव्हल प्लेइंग फील्ड ही संस्था वाट दाखवते. कोर्टात जायचं ठरलंच, तर घटनेपासून सहा महिन्यांना एक दिवस कमी, एवढीच मुदत असते. क्लबशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.