ओळखायला लावू नका, सांगून टाका

डोक्याला मार लागून विसरायला होऊ लागलं, की मेंदूला ताण दिला म्हणजे सगळं परत येतं अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण परीक्षा घेतो. 'सांग बघू मी कोण?' 'काल कोण आलं होतं?' 'आठव, नीट आठव, येईल.' सगळं मायेपोटीच. पण या दुखण्यातून जाताना मला सगळ्यात जास्त त्रास या प्रश्नांचा झाला, आणि तो का झाला हे फार उशिरा कळलं. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना ते लवकर कळावं म्हणून हे लिहिते आहे.

सांगलीत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. दोन पावसाळ्यांपूर्वी ह्यांच्या गाडीवर मागे बसून मिरजेहून येत होते. कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली आणि माझं डोकं डाव्या कानाच्या वर आपटलं. हे सगळं मला इतरांनी सांगितलेलं. मला त्यातलं काही आठवत नाही आणि पुढेही आठवणार नाही, कारण त्या वेळी ते डोक्यात नोंदलंच गेलं नाही.

दवाखान्याच्या कार्डावर 'जीसीएस 10' लिहिलेलं होतं. हा ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडणं, बोलणं आणि हातापायांची हालचाल यांना गुण देऊन 3 ते 15 मधला आकडा काढतात. 13 आणि वर म्हणजे सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 आणि खाली गंभीर. सीटी स्कॅनमध्ये कानाजवळच्या आणि कपाळामागच्या भागात मेंदू खरचटून रक्त साकळलेलं दिसलं. कवटीचा तळ पुढच्या बाजूला आतून खडबडीत असतो, त्यामुळे डोकं कुठेही आपटलं तरी बहुतेकदा हेच दोन भाग घासले जातात. नवी आठवण साठवणं आणि पुढची कामं आखणं ही कामं नेमकी याच भागांवर बरीच अवलंबून. ऑपरेशनची गरज पडली नाही.

वॉर्डात मी बोलत होते, जेवत होते, नर्सशी गप्पा मारत होते म्हणे. त्यातलं माझ्याकडे काहीच नाही. नर्सला मी सांगितलं, की सकाळीच मिरजेच्या बाजारात जाऊन अस्तराचं कापड घेऊन आले. नणंदेला वाटलं, वहिनी भ्रमिष्ट झाल्या. जाऊबाईंना वाटलं, खोटं बोलते आहे. दोन्ही नव्हतं. आठवणीत भगदाड पडलं की मेंदू हाताशी असलेल्या जुन्या गोष्टींनी ते बुजवतो, आणि बोलणाऱ्याला ते खरंच वाटत असतं. अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो. 'तुम्ही दवाखान्यात आहात, पडला होतात, आता बऱ्या आहात' एवढंच शांतपणे, लागेल तितक्या वेळा सांगायचं.

घरी सोडलं तेव्हा चालणं व्यवस्थित, बोलणं व्यवस्थित, म्हणजे बरी झाले असं सगळ्यांनी धरलं. स्मरणाचं पुढे काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. टाके, गोळ्या, पुढच्या तपासणीची तारीख, संपलं. मग घरात सुरू झालं. फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी घेतली की नाही हे आठवायचं नाही, म्हणून परत घ्यायची. कुकर लावून गच्चीवर जायचं. एकच प्रश्न एका दुपारी इतक्या वेळा, की ह्यांनी शेवटी उत्तर द्यायचंच सोडलं.

पण खरी जखम वेगळीच होती. अपघाताच्या थोडं आधी मुलाचा साखरपुडा झाला होता. मार लागण्याच्या आधीचे काही आठवडेही पुसले जातात. जुनं राहतं आणि अगदी अलीकडचं जातं. त्यात साखरपुडा गेला आणि होणारी सूनही गेली. दवाखान्यातून आल्यावर ती रविवारी भेटायला आली. सगळे माझ्याभोवती जमले आणि विचारलं, 'ही कोण? ओळखा बघू.' चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. मी कोल्हापूरच्या भाचीचं नाव घेतलं. सगळे हसले, पोरीचा चेहरा उतरला, मला खरं नाव सांगितलं गेलं. पुढच्या रविवारी परत तोच प्रश्न आणि माझ्या तोंडून परत भाचीचंच नाव. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. खरं नाव दर वेळी सांगूनही टिकायचं नाही, आणि चुकीचं नाव मात्र घट्ट बसलं. रात्री मी ह्यांच्याशी बोलायचे नाही. आपल्यात काहीतरी वाईट शिरलंय असं वाटायचं.

पुण्याला एका न्यूरोसायकॉलॉजिस्ट मॅडमकडे, म्हणजे मेंदूच्या दुखण्यात स्मरण, लक्ष वगैरे तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे गेलो तेव्हा याचा उलगडा झाला. तिथे मधे मधे विश्रांती देत जवळजवळ अर्धा दिवस चाचण्या घेतल्या. पंधरा शब्दांची यादी परत परत वाचून दाखवायची आणि आठवतील तेवढे म्हणायला सांगायचं. अर्ध्या तासाने परत तेच. एक गुंतागुंतीचं चित्र बघून काढायचं, नंतर न बघता काढायचं. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेने आपल्याकडच्या लोकांवर अजमावून, वयाप्रमाणे आणि शिक्षणाप्रमाणे बसवलेल्या चाचण्या आहेत, त्यांवर माझे गुण ताडून पाहिले. निष्कर्ष असा निघाला: लक्ष बरं आहे, जुनं ज्ञान शाबूत आहे, ऐकलेलं काही मिनिटं राहतं, अर्ध्या तासाने जवळजवळ काही उरत नाही.

मी विचारलं, मग माझे हात कसे चालतात? घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मी कटोरी ब्लाऊज बेतला होता. मुंढ्याचा गोल न आखता कात्रीने बरोबर घेतला होता. कुणाचा ब्लाऊज ते मात्र माहीत नव्हतं. तेव्हा मॅडमनी हेन्री मोलेसन यांची गोष्ट सांगितली. वहीत लिहून घेतली होती, म्हणून इथे देता येते. या अमेरिकन माणसाची फिट थांबावी म्हणून 1953 साली मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवी आठवण साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा तुकडा आणि त्याच्या आजूबाजूचा भाग काढला. त्यानंतर 2008 साली वारेपर्यंत त्यांना नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. ब्रेंडा मिलनर या शास्त्रज्ञ त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला द्यायच्या. दर वेळी त्यांना वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. पण हात दर दिवशी सुधारत गेला. म्हणजे स्मरण ही एकच गोष्ट नाही. घटनांचं वेगळं, हातांचं वेगळं. एक गेलं म्हणून दुसरं जात नाही. हे ऐकल्यावर मला रडू आलं. दुकान बंद करायचं असं घरात ठरत आलं होतं.

आणि भाचीच्या नावाचं कारणही तिथेच कळलं. निरोगी माणूस चुकतो तेव्हा 'मागच्या वेळी मी चुकले होते' ही घटना त्याला आठवते, म्हणून तो सुधारतो. माझ्यासारख्या माणसाला ती घटना आठवत नाही. पण तोंडातून एकदा गेलेलं उत्तर ओळखीचं होऊन बसतं आणि पुढच्या वेळी तेच आधी येतं. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. स्मरण गेलेल्या लोकांना अंदाज करायला लावून शिकवण्यापेक्षा, चुकायची संधीच न देता शिकवलं तर ते जास्त शिकतात. म्हणजे घरातले सगळे प्रेमाने जे करत होते, त्यामुळे मी चूक पाठ करत होते.

घरी येऊन हे सगळ्यांना बसवून सांगितलं. त्या रविवारपासून सूनबाई दारातच म्हणायची, 'आई, मी अमुक, तुमची होणारी सून.' प्रश्न नाही. मग चहा घेताना ती विचारायची, 'आई, माझं नाव काय?' उत्तर ताजं असताना. मग मिनिटाने, मग दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ. मधे इकडच्या तिकडच्या गप्पा. मी अडखळले की वाट बघायची नाही, लगेच नाव सांगायचं आणि परत छोट्या अंतरावर यायचं. 'माहीत नाही' म्हणायची मला पूर्ण मुभा, अंदाज करायला मात्र मनाई. काही रविवार लागले, पण ते नाव बसलं आणि आजतागायत हललेलं नाही. साखरपुडा मात्र परत आलेला नाही. फोटो पाहून मला तो माहीत आहे, आठवत नाही, आणि सूनबाईला मी ते तसंच सांगितलं आहे. तिला बरं वाटावं म्हणून 'आठवलं' म्हणणं मला जमलं नाही.

बाकी सगळा कारभार वहीवर आहे. वही एकच. कॅलेंडर, चिठ्ठ्या, हातावर लिहिणं असं चार ठिकाणी विखुरलं की शोधायचं कुठे हेच आठवत नाही. गळ्यात टेपबरोबर दोरीने छोटी वही अडकवलेली असते. गोष्ट घडली की त्याच क्षणी लिहायचं, 'मग लिहू' नाही. काम झालं की खूण करायची. पण लिहिण्यापेक्षा अवघड असतं ते वाचायचं लक्षात राहणं. ते आधीच अंगवळणी पडलेल्या गोष्टींना जोडून घेतलं: सकाळचा चहा, दुपारचं जेवण, संध्याकाळची दिवाबत्ती. या तिन्ही वेळी वही उघडायची. सुरुवातीला सासूबाई आठवण करायच्या, आता हात आपोआप वहीकडे जातो. वही हातांच्या स्मरणात गेली, असं मॅडम म्हणाल्या.

मोबाईलचा गजर नुसता वाजून भागत नाही, कशासाठी ते त्यावर लिहिलेलं लागतं. 'रात्रीची गोळी, फ्रिजवरची डबी.' आणि गजर बंद करायचा तो काम करूनच. गोळ्यांची डबी वारांच्या खणांची आहे. खण रिकामा म्हणजे घेतली. गॅसवर काही असेल तर स्वयंपाकघर सोडायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी लावून धरला.

दुकानात आधीपासून मापांची वही होतीच. आता प्रत्येक पानाला कापडाचा तुकडा टाचलेला, बाईंना विचारून त्यांचा फोटो, आणि गळा, बाही, लेस सगळं त्यांच्यासमोर लिहून वाचून दाखवायचं. पैसे घेतले की पावती, दोन प्रतीत. काउंटरवर पाटी लावली आहे: 'कृपया आधी आपले नाव सांगावे. मला अपघातामुळे आठवत नाही.' पाटी लावायला मुलाचा विरोध होता, गिऱ्हाईक जाईल म्हणून. दोन-तीन जणी गेल्याही. बाकीच्या दारातूनच नाव सांगत येतात, आणि मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत घामाघूम व्हावं लागत नाही.

थकव्याबद्दल कुणी आधी बोललं असतं तर बरं झालं असतं. दमलेल्या मेंदूत काहीच राहत नाही. गणपतीत गल्लीत ढोल सुरू झाले की मला माप घेता यायचं नाही. आता अवघड कापकाम सकाळी, दुपारी झोप, संध्याकाळी फक्त हूक-काज. मशीन चालू असताना कुणी बोलायचं नाही.

बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी, शब्दकोडी, मोबाईलवरचे खेळ, सगळे सल्ले आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की गेलेलं स्मरण परत आणणारं सिद्ध झालेलं औषध नाही, आणि कोडं सोडवायचा सराव केला तर माणूस कोडं सोडवण्यात तरबेज होतो, गॅस बंद करण्यात नाही. रक्त मात्र तपासून घ्या, असं त्यांनी बजावलं. बी12 कमी असणं, थायरॉईड, अपुरी झोप, उदासी, काही वेळा फिटच्या गोळ्यासुद्धा विसरण्यात भर घालतात, आणि यातलं बरंच दुरुस्त होतं. माझं बी12 फारच कमी निघालं. इंजेक्शनांनी थकवा उतरला, स्मरण तेवढंच राहिलं. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि सुधारत असलेला माणूस मधेच जास्त गोंधळू लागला, डोकं फार दुखू लागलं, उलट्या किंवा खूप झोप येऊ लागली, तर 'विसरतेच ती' म्हणून सोडून न देता लगेच दाखवायचं. आत हळूहळू रक्त साचत असू शकतं.

पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भराभर झाली, मग मंदावली. आज मालिका बघताना मागच्या भागातलं मला माहीत नसतं. लग्नाला गेले की नणंद बाजूला उभी राहते आणि समोरून येणाऱ्याचं नाव आधीच कानात सांगते. दिवाळीच्या ऑर्डरी पूर्वीच्या निम्म्या घेते, त्या मात्र वेळेवर देते.

नणंदेने वॉर्डात एक डायरी ठेवली होती. कोण आलं, मी काय बोलले, कधी पहिल्यांदा उठून बसले, असं रोजचं. त्या दिवसांबद्दल माझ्याकडे तेवढंच आहे. ज्यांचं माणूस आत्ता वॉर्डात आहे त्यांनी आजपासून अशी डायरी सुरू करावी, तारीख घालून. त्यात पहिल्या पानावर तो कुठे आहे, त्याला काय झालं आणि घरी कोण वाट बघतंय हे मोठ्या अक्षरात लिहावं, आणि ते पान त्याला विचारण्याऐवजी वाचून दाखवावं.