आमची वाटचाल: बोटांचे ठसे पुसायचे नाहीत

कॉलेज झाल्यावर मी एका ज्येष्ठ शिल्पकारांकडे मदतनीस म्हणून लागलो. माती मळायची, आर्मेचर म्हणजे मातीच्या आतला सांगाडा बांधायचा, मेणाच्या कॉपीवरचे जोड मिटवायचे, बस्स. रुमानियन शिल्पकार ब्रांकुसी 1907 मध्ये प्रसिद्ध फ्रेंच शिल्पकार रोदँच्या स्टुडिओत गेला आणि जेमतेम एक-दोन महिन्यांत बाहेर पडला, मी सहा वर्षं थांबलो आणि बरं झालं थांबलो, कारण हात तिथेच तयार झाला.

स्वतःचा स्टुडिओ काढल्यावर पहिलं मोठं काम आलं, पूर्ण उंचीचा उभा पुतळा. सळ्या बारीक वापरल्या. एका सकाळी दार उघडलं तर खांद्यापासून अख्खा हात खाली आलेला, तीन आठवड्यांचं काम गेलं. ओली माती पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असते हे माहीत होतं, पण हिशोबात धरलं नव्हतं. तेव्हापासून सांगाडा जाड सळीचा, वेल्डिंग करून, आणि तारेला लाकडाचे छोटे क्रॉस लटकवलेले, म्हणजे माती घसरत नाही.

चेहरा करताना मी डोळ्यांपासून सुरुवात करत नाही. आधी कवटीचा आकार, मग मानेचा कल. माणूस लांबून ओळखू येतो तो मानेवरूनच, नाक-डोळे नंतरचे. स्टँड सारखा फिरवत राहायचं, एकाच बाजूच्या उजेडात काम केलं की दुसरी बाजू फसते. आणि अंगठ्याचे दाब तसेच ठेवायचे, प्रकाश त्यांच्यावरच तर खेळतो.

यावरून एकदा फार त्रास झाला. एका कुटुंबाला वडिलांचा बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचा पुतळा, गुळगुळीत हवा होता, मी करून दिला, आणि गाल एकदम निर्जीव झाले. त्यांनाही ते जाणवलं, आधीचंच हवं म्हणाले, पण पुसलेले ठसे परत तसेच कसे येणार, मला दोन्ही गाल नव्याने करावे लागले. आता कोटेशनमध्येच लिहितो की मातीचं मॉडेल पसंत झालं की त्याच्या पृष्ठभागाला हात लावणार नाही.

ब्राँझचं ओतकाम आम्ही बाहेर देतो. धातू गार होताना आकसतो म्हणून मातीचं मॉडेल साधारण दोन टक्के मोठं ठेवतो. पण ओतून आल्यावरचं चेसिंग, म्हणजे धातूचे जोड घासून साफ करणं, मात्र स्टुडिओतच, हे मी पहिल्यापासून धरून ठेवलंय, कारण वेल्डिंगचा जोड घासताना ग्राइंडर जरा जास्त फिरला की शेजारचा ठसाही गेलाच. पॅटिनाही, म्हणजे ब्राँझवर रसायनांनी आणलेला रंग, आम्हीच करतो, टॉर्चने तापवून फेरिक नायट्रेट मारलं की तांबूस तपकिरी येतो, कॉपर नायट्रेटने हिरवा, आणि वर मेणाचा हात.

आज आम्ही चौघं आहोत. ऑर्डरींमधून वेळ काढून एका म्हाताऱ्या बाईंची बसलेली आकृती करतोय, ती कोणी मागितलेली नाही. पाठीचा बाक जमलाय, मान अजून पटत नाही. काल रात्री ओलं फडकं गुंडाळून ठेवलंय, आज परत सोडून बघतो.