करपलेल्या भाजीची रेघ

माठाची भाजी गॅसवर ठेवली आणि ताईचा फोन आला. पुढचं सांगायला नको. पातेल्याच्या तळाला काळाकुळकुळीत पापुद्रा बसला, डांबरासारखा चकचकीत. सोडा झाला, चिंच झाली, लिंबाची सालं झाली. तिसऱ्या दिवशी तारेची घासणी झिजली, डाग जागचा हलला नाही.

"टाकून दे ते," ताई म्हणाली. "नाहीतर ठेव शोकेसमध्ये, तुझ्या त्या मगासारखं."

थट्टा होती, पण तिला वाटलं त्यापेक्षा नेम जास्त बरोबर लागला होता.

ताई अमेरिकेत, कोलोरॅडोत असते. मागे तिच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही मेसा व्हर्डे पाहायला गेलो. उभ्या कड्याच्या कपारीत बांधलेली दगडी घरं. एकट्या क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या. लोक ती घरं पाहून अवाक होतात, आणि व्हावं असंच ते आहे. मी मात्र तिथल्या संग्रहालयात एका मगापाशी अडकले. बुडाशी रुंद, वर किंचित निमुळता, बाजूला कान. पांढऱ्यावर काळी नक्षी: पायऱ्या, चौकटी, बारीक तिरप्या रेघांनी भरलेले त्रिकोण. तेराव्या शतकातला मग! आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला असता तर पाहुण्यांनी त्यात चहा मागितला असता. तिथल्या एका वस्तीला तर मग हाउस असंच नाव पडलंय, कारण दोरीत ओवलेले असले मग तिथे सापडले.

हे मग करणाऱ्यांना पूर्वी सर्रास अनासाझी म्हणत. तो शब्द नावाहो या तिथल्याच दुसऱ्या आदिवासी लोकांचा, आणि त्यात शत्रू हा अर्थ आहे. होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठच्या गावांतून आज राहणाऱ्या त्यांच्या वंशजांना तो आवडत नाही, आणि का आवडावा? म्हणून आता पूर्वज पुएब्लो म्हणतात. पुएब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये गाव.

तर त्या मगावरचा काळा रंग. मला वाटलं, काजळी असेल, कोळसा असेल. पाटीवर वाचलं तर तो निघाला पालेभाजीचा.

जांभळट गुलाबी फुलांचं एक रानटी झुडूप तिकडे शेताच्या बांधावर आपोआप उगवतं. न्यू मेक्सिकोत त्याला ग्वाको म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला तिळवण उगवते, तिच्याच कुळातलं. वासही तसाच उग्र. शेतकरी ते उपटून टाकत नसत, कारण त्याची कोवळी पानं खायची भाजी होती. तीच भाजी भरपूर पाण्यात तासन्‌तास रटरटू द्यायची, चोथा काढून टाकायचा, राहिलेलं काळपट पाणी काकवीसारखं दाट होईपर्यंत आटवायचं आणि वाळवून वड्या करायच्या. या वड्या वर्षानुवर्षं टिकतात. रंगवायच्या वेळी तुकडा मोडून पाण्यात भिजवला की झाली शाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेवा भाषा बोलणाऱ्या गावांतून वनस्पतींच्या नोंदी करणाऱ्यांनी आणखी एक मजेदार गोष्ट लिहून ठेवलीय: हीच वडी गरम पाण्यात भिजवून, चरबीत परतून खातही असत. म्हणजे घरात एक ढेप, अर्धी दौतीत, अर्धी कढईत. पाहुणे अचानक आले तर नक्षी थांबत असेल.

ब्रशही असाच घरचा. युका नावाचं टोकदार पात्यांचं झाड, आपल्या बांधावरच्या घायपाताचं नातलग. (घायपातही मूळचं तिकडचंच, आपण त्याचा वाख काढून दोर वळायला लागलो, इतकंच.) युकाच्या दोऱ्या होत, चपला होत, मुळांचा साबण होई. त्याच्या पात्याची अरुंद पट्टी कापायची आणि टोक दातांनी चावत बसायचं. गर निघून जातो, धागे उरतात. मग नको ते धागे कमी करायचे. जाड रेघेला जास्त धागे, बारीक रेघेला मोजके. आपल्याकडे वारली चित्रं काढणारे बांबूची काडी अशीच चावून घेतात, त्यामुळे मला ती काडी पाहताक्षणी ओळखीची वाटली. मात्र हे धागे लांब असतात. ते शाईत भिजवून भांड्यावर आडवे टेकवायचे आणि ओढत न्यायचे. खाली पेन्सिलीची खूण नाही, पट्टी नाही, आणि समोर गोल भांडं, म्हणजे सुरुवात डोळ्याआड गेल्यावर शेवट तिला बरोबर गाठायचा. मला वहीच्या रेघांवर सरळ लिहिता येत नाही.

या सगळ्याहून अवघड काम शेवटी, आगीत. भाजीची शाई म्हणजे शेवटी कार्बन, आणि उघड्या जाळात कार्बन जळून जातो. भट्टीत मोकळी हवा खेळली की इतकी मेहनत करून हाती कोरं भांडं येणार. म्हणून मेसा व्हर्डेच्या आसपास जमिनीत लांबट चर खणून, त्यांना दगडी फरशा लावून भट्ट्या केलेल्या सापडतात. आग नीट पेटू द्यायची आणि वेळ येताच ती झाकून कोंडायची. कधी, हे घड्याळ सांगत नाही, अनुभव सांगतो. भाजी करपवायची, पण राख होऊ द्यायची नाही!

सगळेच काही भाजीवर विसंबत नव्हते. न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्यात लोखंडयुक्त दगड कुटून केलेला रंग जास्त चाले. कोंडलेल्या आगीत तोही काळा होतो, हवा लागली तर तांबूस. शाई मातीच्या लेपात मुरते, टीपकागदावरच्या थेंबासारखी तिची कड थोडी फुटते. दगडी रंग वरच बसतो आणि त्याची कड धारदार राहते. अभ्यासक भिंगातून कड बघून सांगतात, हा दगड आणि ही भाजी. किवा नावाच्या त्यांच्या पूजेच्या खोल्यांच्या भिंतींवर निळे, हिरवे, पिवळे रंगही आहेत, पण भिंत भट्टीत जात नाही, तिला काय!

तेराव्या शतकाच्या अखेरीस मोठा दुष्काळ पडला आणि ते लोक मेसा व्हर्डे सोडून दक्षिणेकडे गेले. ग्वाको मात्र सुटला नाही. कोचिती आणि केवा या गावांतले कुंभार आजही त्याच्याच शाईने भांडी रंगवतात. सान इल्देफोन्सो या पुएब्लो गावच्या मारिया आणि हुलियान मार्टिनेझ या जोडप्याने 1919च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी काढली, तेव्हा आग दाबली ती वाळलेल्या शेणाच्या भुकटीने. हे वाचून मला उगाचच सासरच्या माणसांबद्दल ऐकल्यासारखं वाटलं.

गेल्या पावसाळ्यात मलाही हुक्की आली. सोसायटीच्या मागच्या कुंपणापाशी तिळवण माजली होती. ती उकळली, दिवसभर आटवली; शेजारच्या काकूंनी दोनदा बेल वाजवून गटार तुंबलंय का विचारलं. घायपाताचं पातं चावायचा बेत मात्र आईने हाणून पाडला. "खाजेल गं तोंडभर," ती म्हणाली, म्हणून ते वरवंट्याने ठेचून घेतलं. त्या ब्रशने पणतीच्या कडेने रेघ ओढली. फिकट, विटकरी, थोडी थरथरती. पण रेघ होती. पणती चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर धरली. रेघ हळूहळू काळी झाली, छान ठसठशीत काळी. मी आईला हाक मारली. आई हात पुसत येईपर्यंत ती करडी झाली, मग पुसट, आणि ती येऊन चष्मा लावते तोवर पणती कोरी.

"काय दाखवत होतीस?" आई म्हणाली.

पातेल्याच्या तळाचा डाग अजून आहे.