डग्गा बंद कर

तबल्याच्या क्लासला गेलो ते मैदान पाण्याखाली गेलं म्हणून. १९९६चा पाऊस, मी नववीत, आणि चिपळुणात जुलैमध्ये क्रिकेट खेळायचं म्हणजे चिखलात लोळायचं. गुरुजी देवळाच्या माडीवर शिकवायचे. वर पत्रे.

पहिल्याच दिवशी ताडताड काहीतरी वाजवायला मिळेल असं वाटलं होतं. मिळाला फक्त ‘ना’ हा एक बोल. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला अलगद टेकवायची, तर्जनी चाटेवर, म्हणजे काठावरच्या पट्टीवर, मारायची आणि तापलेल्या तव्याला लागल्यासारखी उचलायची. बोट रेंगाळलं की ‘ना’चा ‘टप्’ होतो. दोन आठवडे मी टप् टप् करत होतो, वर पत्र्यावर पाऊसही तेच करत होता. पेर सुजलं. आजी म्हणाली, “मेल्या, नारळ सोलायला सांगितले की बरी पळतात बोटं!”

त्यात हवा दमट, तबला सारखा उतरायचा. गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो, एवढं कळल्यावर मी शहाणपणा करायला गेलो. हातोडी निसटली, पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटली. बाबा आठवडाभर बोलले नाहीत.

मग तीनताल. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, पाच मिनिटांत पाठ. हातावर तर फारच सोपा: पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला टाळी न वाजवता हात बाजूला, तिला म्हणतात ‘खाली’. वाजवायला बसलो आणि डावा हात ऐकेना. वहीत ‘खाली’ नवव्या मात्रेवर लिहिलेली, पण तिथला ‘धा’ घुमतोच. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा जोडीदार, गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून, तिं तिं ता ता, आणि चौदाव्या ‘धिं’ला परत येतो. चारच मात्रा. तेवढ्यातही माझा पंजा धप्पकन पडायचाच.

“डग्गा बंद कर.” हे मी किती वेळा ऐकलं असेन!

एके संध्याकाळी गुरुजींनी माझ्यापुढचा डग्गा चुंबळीसकट ओढून घेतला. “तू नुसता उजवा वाजव.” डग्गा ते वाजवू लागले. दहाव्या मात्रेला त्यांचा हात थांबला आणि अचानक पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. चौदावीला डग्गा घुमला, पाऊस पुन्हा बुडाला. पुढच्या आवर्तनात मी त्या पावसाची वाटच बघत होतो.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेत मात्र ताल दुप्पट वेगात हातावर म्हणताना घाईघाईत ‘खाली’च्या मात्रेवरच टाळी वाजवली. परीक्षक हसले. पास झालो, गुण विचारू नका.

हल्ली तबला माळ्यावर आहे. सिग्नलला गाडी थांबली की उजवी तर्जनी स्टिअरिंगवर सुरू होते आणि डावा हात गिअरवर ठेका धरतो. दहाव्या मात्रेला तो थांबतो. मग मागचे लोक हॉर्न वाजवतात, तेही बहुधा तेराव्या मात्रेच्या आसपास.