तांबटाचं घर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य तासाभरावर असताना मी दुर्बीण घेऊन गल्लीच्या टोकाच्या बागेत कशाला जाते, असं मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. नांदूरमध्यमेश्वर थोरच. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झालं ते. डिसेंबरात मीही जाते, थापट्या नि चक्रवाक ही बदकं बघून येते. पण तांबट पक्षी भेटला तो या बागेतच.

नूतनीकरणानंतर बाग उघडली आणि मार्चमधल्या एका रविवारी मी गेले. शिरताशिरताच टुक, टुक, टुक. जुन्या नाशकात तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडते ना, अगदी तसा ठोका. हा पठ्ठ्या चोच मिटून ओरडतो आणि मान इकडेतिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय तेच कळत नाही. मी मान वर करून गोल गोल फिरतेय हे बघून ट्रॅकवरच्या एका काकांनी विचारलंही, "पतंग अडकलाय का?"

शेवटी दिसला, उंबरावर. चिमणीहून जरा मोठा, हिरवा, गळा पिवळा, कपाळावर मळवट भरल्यासारखा लाल. बसला होता त्या वाळक्या फांदीला खालून एक गोल भोक होतं. घर तो स्वतःच कोरतो, आणि त्यासाठी त्याला मेलेलं, मऊ पडलेलं लाकूडच लागतं. बाकीच्या झाडांच्या वाळक्या फांद्या नूतनीकरणात झाडून छाटल्या होत्या. पण हा पडला औदुंबर, बुंध्याशी पादुका. त्याला करवत कोण लावणार? दत्तगुरूंनी तांबटाचं घर राखलं असं मी म्हणते, घरचे हसतात.

नवीन लॉनला मी नावं ठेवणार होते, तेवढ्यात त्यावर हुदहुद उतरला आणि चोच खुपसून अळ्या वेचू लागला. गप्प बसले. पामच्या रांगेवर मात्र पाऊण तासात एक कावळा बसला, तोही लगेच उडाला. खरी पंगत कुंपणालगतच्या जुन्या पांगाऱ्यावर. पानं गळून नुसता लालभडक झालेला, त्यावर शिंजीर, बुलबुल, साळुंक्या आणि दोन खारी.

यायचं तर सातच्या आत या. आठला झुंबाचा स्पीकर लागतो.